अहिराच्या कातडीचा साबण

दाभोळ खाडीकाठच्या त्वचास्मृती प्रयोगशाळेत डॉ. हंसा चोगले यांनी साबणाच्या वड्या साच्यातून काढल्या, तेव्हा मासळीच्या वासाने भिंतीवरची पालसुद्धा तोंड फिरवून बसली होती. कारखान्यात मासळी साफ झाली की उरलेली कातडी इकडे येई. तिच्यातून बाई कोलाजेन, म्हणजे कातडीला धरून ठेवणारं प्रथिन, वेगळं करत.

"हंसाताई, साबणानं मळ जातो. चंद्रावर गेलेला मुलगा परत येत नाही," मत्स्यशास्त्रज्ञ कासिम दळवी म्हणाले.

"मासा जन्मस्थानाकडं कसा वळतो, कासिमभाई?"

"तिथल्या पाण्याची खूण कोलाजेनच्या विणीत असते. गृहवेध."

"उकळलं की ती वीण मोडते. मी थंड साबणीकरण केलंय. तीन आंघोळींत माणसाच्या कातडीला तीच ओढ लागते. मांजराला चोळला, ते धक्क्यावरून हलेना."

"मांजर धक्क्यावर बसायला साबण कशाला लागतो, बाई?"

बाईंना हसू आलं नाही. सात वर्षं त्यांचा मुलगा यशोधन चंद्रतळावर होता. दर रविवारी पडद्यावर येऊन "पुढच्या यानानं नक्की" म्हणे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पडद्यावरच दिसे. त्याच्या वाटणीचं कालवण बाई अजून वाढून ठेवत. म्हणून त्यांनी कातडी पारखून घेतली होती: अहिराची. सापासारखा लांब मासा, दारातल्या खाडीत धरलेला. जाळ्यात गावला तेच माशाचं गाव, हे कोळीवाड्यात कुणी कुणाला विचारत नाही. बाईंनीही विचारलं नाही. एक वडी चंद्रावर रवाना झाली.

विसाव्या दिवशी यशोधन दारात!

भाकरी-कालवण ओरपून तो ओट्यावर बसला, घराकडे पाठ करून.

"आई, होडी आहे ना आपली?"

"आहे की. खाडीत फिरून येऊ."

"खाडीत नाही गं. बाहेर. पार बाहेर."

बाईंनी फोन लावला. "कासिमभाई, अहिर जन्मतो कुठं?"

"खाडीत नुसता वाढतो. जन्म भर समुद्रात, खोल. नेमका कुठं, ते कुणी पाहिलेलं नाही. का हो?"

"आणि ही ओढ सुटते कधी?"

"कातडी झडून नवी आली की. महिनाभरात."

म्हणजे महिन्यानं पुन्हा चंद्र. बाईंनी ओट्याकडे पाहिलं. पोरगं हाताच्या अंतरावर होतं आणि नजर क्षितिजापलीकडे. त्यांनी उरलेल्या वड्यांतली एक उचलली आणि न्हाणीघराची कडी आतून लावली.

चौथ्या सकाळी साबणाच्या सगळ्या वड्या होडीत चढल्या. बाईंनी घराला कुलूप घालायचंही मनावर घेतलं नाही.

"चल रे, इंजिन सुरू कर."

सात वर्षांत पहिल्यांदाच मायलेकांना एकाच ठिकाणी जायचं होतं.