जनाना डब्यातली मुकी बीबी

“आत्ती, त्या दारातून बाजूला व्हा!”

नीलाचा आवाज इतका चढलेला गिरिजाबाईंनी यापूर्वी कधी ऐकला नव्हता. त्या आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या. हातात अर्धवट शिवलेली खणाची चोळी तशीच होती, सुईही कापडातच अडकलेली होती, आणि पाठीमागं, त्या जुन्या फळ्यांच्या पलीकडं, कुणीतरी श्वास रोखून धरला आहे हे त्यांना न वळताही कळत होतं... परमेश्वरा, आत्ता तिला खोकला येऊ देऊ नकोस! एवढं एकच मागणं आज पुरं कर!

डॉक्टर झालेली नीला हैदराबादेहून न कळवता आली होती. येडशीच्या स्टेशनावर उतरून, माणसांना विचारत विचारत, गावाबाहेरच्या या दोन खोल्यांपाशी ती पहिल्यांदाच पोचली होती. ती वाढली लातूरला, बसप्पामामांच्या घरी. आई-बाप नसलेली पोर, असंच तिला सगळे म्हणत आले. बाप, म्हणजे गिरिजाबाईंचा भाऊ शांतलिंग, खरोखरच वारला होता. आई मात्र...

आई दाराच्या पलीकडं होती.

“उमरग्याचं स्थळ आलंय मला, माणसं चांगली आहेत,” नीला म्हणाली. “मुलगाही डॉक्टर आहे. पण त्यांनी विचारलं, मुलीचं घर कुठलं? मी काय सांगू? मुरुम गावातलं वडिलांचं घर तुम्ही विकून टाकलं. इथं कुणाला कधी येऊ दिलं न्हाई. मामी म्हणती, आत्तीनं घरात कुणाला तरी आणून ठेवलंय.”

“तुझी मामी लातुरात बसून येडशीतलं समदं बघती व्हय?”

“बोलणं टोलवू नका!” नीलाचे डोळे भरून आले. “सगळे पडके किल्ले दाखवलेत मला. परक्यांची देवळं दाखवलीत, परक्यांच्या कबरी दाखवल्यात. माझं घर मात्र एकदाही दाखवलं न्हाई, आत्ती... एकदाही न्हाई!”

गिरिजाबाईंजवळ उत्तर होतं. ते त्यांच्या जिभेवर कितीतरी वर्षं बसून होतं. पण ते बोलायचा अधिकार त्यांनी स्वतःच्या हातानं, गळ्यातल्या इष्टलिंगाला स्पर्श करून, देऊन टाकला होता.

मुरुमच्या घरातली ती सकाळ त्यांना अजून जशीच्या तशी आठवे. रुद्रम्मा, नीलाची आई, चुलीपुढं भाकरी भाजत होती. तिची बोटं तव्याला टेकली आणि टेकलेलीच राहिली! कातडी करपल्याचा वास आला तेव्हा गिरिजाबाईंनी ओरडून तिचा हात ओढला, आणि वहिनीनं नवल करून विचारलं, “काय झालं हो, वन्स?” तिला काहीच कळलं नव्हतं. पुढं सोलापूरच्या डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, दंडावरचा फिकट डाग पाहिला आणि खाली मान घालून रोगाचं नाव सांगितलं.

त्या दिवशी रुद्रम्मा रडली नाही. परतीच्या गाडीत ती एवढंच म्हणाली, “नीलीला सांगा, आई मेली. महारोग्याच्या पोरीला कोण करून घेणार, वन्स? लोक म्हणत्यात, रगतातच असतंय ते. तिला माझ्या भावाकडं लातुरला ठेवा. आन् मला कुठंबी लांब टाका.”

“टाकायला तू काय केर हायस?” गिरिजाबाई म्हणाल्या होत्या. पण ती जिवंत आहे हे नीलाला वा कुणालाही सांगणार नाही, असा शब्द त्यांनी इष्टलिंगावर हात ठेवून दिला.

त्या लहानपणीच विधवा झाल्या होत्या. त्यांच्यात विधवेची उडकी लागते, म्हणजे दुसरं लग्न करता येतं. आणि वहिनीचा रोग कळला त्याच साली बेंबळीच्या वीरप्पांकडून त्यांना मागणी आली होती. वीरप्पा समजूतदार गृहस्थ होते; दोनदा घरी येऊन, उंबऱ्याशी बसून, पाणी पिऊन गेले होते. तिसऱ्यांदा आले तेव्हा गिरिजाबाईंनी पाणी दिलं आणि नकारही दिला. कारण सांगितलं नाही. मुरुमचं घर विकून त्या वहिनीला घेऊन येडशीला आल्या, जिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं, आणि चोळ्या शिवून दोघींचं पोट भरू लागल्या.

पण आईचं मन! वर्षभरातच रुद्रम्मा वाळून गेली. रोगानं नव्हे... लेकीवाचून. तेव्हा शेजारच्या मेहबूबबीनं आपला जुना काळा बुरखा आणून दिला. त्या भल्या बाईनं काही विचारलं नाही, नुसतं म्हणाली, “ओढ लेव. इसमें कौन है, कोई नै पूछता.”

तेव्हापासून त्या सहली सुरू झाल्या.

निजामाच्या राज्यात शाळेला सुट्टी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची. महिन्या-दोन महिन्यांनी, गुरुवारी संध्याकाळी, दोघी नणंद-भावजया बार्शी लाईट रेल्वेच्या छोट्या गाडीनं लातूरला जात. रुद्रम्मा स्टेशनातच, बायकांच्या मुसाफिरखान्यात थांबे. गिरिजाबाई बसप्पांकडं मुक्काम करत आणि सकाळी नीलाला घेऊन जनाना डब्यात चढत, तेव्हा कोपऱ्यात, पलीकडच्या खिडकीशी, बुरख्यातली एक बाई आधीच येऊन बसलेली असे.

जायचं कुठं, हे रुद्रम्मानंच ठरवलं होतं. “तुळजापूर नको, वन्स. तीर्थाला गेलं की मुरुमचं कुणीतरी भेटतंयच. पडक्या किल्ल्यात कोण भेटणार?” म्हणून त्या कधी सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात गेल्या. कधी बार्शीला उतरून, पुढं मोटारीनं, परंड्याला गेल्या. एकदा मोठ्या सुट्टीत थेट गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली ती लांबलचक तोफ पाहून आल्या. नीला तिच्यावर चढून बसली आणि उतरेचना. पण सगळ्यांत जास्त वेळा त्या गेल्या तेरला. स्टेशनावर उतरायचं, टांगा करायचा, विटांचं ते प्राचीन देऊळ पाहायचं, मग तेरणेच्या काठी भाकरी सोडायची. नांगरलेल्या रानात तिथं हजारो वर्षांपूर्वीचे मणी सापडत. काही काचेचे, काही तांबड्या दगडाचे. नीला उकिडवी बसून, एकेक ढेकूळ फोडून, ते वेचत राही. आणि थोड्या अंतरावर, बाभळीखाली, बुरख्यातली ती बाई बसून असे.

“आत्ती, ही बीबी दर वेळी आपल्याच गाडीला कशी?”

“तिचंबी कुणी नातलग असतील तिकडं.”

“बोलत का न्हाई?”

“मुकी हाय ती.”

“मग बरंय,” नीला म्हणाली होती, “मामीसारखी रागवायची न्हाई!” आणि बुरख्याच्या आत काहीतरी हललं होतं. हसू की हुंदका, गिरिजाबाईंना कळलं नाही.

नीलाची बडबड त्या मुक्या बीबीशीच जास्त चाले. शाळेतल्या गमती, मामीच्या तक्रारी, पाठ झालेले पाढे, सगळं. बुरख्याची डोळ्यांसमोरची जाळी एका बाजूनं फाटलेली होती आणि गिरिजाबाईंनी ती हाताशी होता त्या लाल दोऱ्यानं शिवली होती. त्या लाल टाक्यांकडं पाहून नीला बोलत राही. परतताना सापडलेल्या मण्यांतला एक ती बीबीला देई. बीबी तो हातात घेत नसे. बुरख्याचं टोक पुढं पसरी आणि नीलाला त्यात टाकायला लावी. लेकीच्या बोटांना आपलं बोट लागू नये म्हणून! आणि त्या सबंध वेळात गिरिजाबाईंचे डोळे एका क्षणाचीही विश्रांती घेत नसत. पोर फार जवळ सरकली का, बुरखा वाऱ्यानं उडाला का, डब्यात ओळखीचं कुणी चढलं का...

नीला पंधरा वर्षांची झाली तेव्हा सगळं संपलं. तेरच्या स्टेशनावर तिनं गिरिजाबाईंचा हात धरला. “आज मला येडशीला न्या. तुमच्या घरी. एक रात्र.” बीबी पलीकडच्या बाकावर होती, ऐकत होती, तिची मान नकारानं हलत होती. गिरिजाबाईंना दुसरं काही सुचलं नाही. त्या म्हणाल्या, “तिथं तुझं काय हाय? तुझं घर न्हाय ते!”

नीलानं हात सोडला. पुन्हा ती आत्तीबरोबर कुठल्याच गाडीत बसली नाही.

... “सांगा ना!” आत्ता, या उंबऱ्यात, ती पुन्हा म्हणत होती. “नसेल सांगायचं तर हे शेवटचं. लग्नाला तुम्ही येऊ नका. मला आत्ती न्हाई, असं मी समजेन.”

आजवर गिरिजाबाईंनी घर दिलं होतं, संसार दिला होता. आज ही पोरही द्यायची होती. “बरं, बाळ,” त्या म्हणाल्या. “तू सुखी ऱ्हा.”

नीला ताडकन वळली. आणि बाहेरच्या दारातच थांबली.

वाऱ्याची झुळूक अंगणातून आत आली होती आणि तिच्याबरोबर एक वास आला होता. उग्र, कडवट, तेलकट. नीलानं एकदा श्वास घेतला, मग सावकाश आणखी एकदा. हा वास तिला ठाऊक होता. हैदराबादच्या दवाखान्यात, एका वेगळ्या ठेवलेल्या वॉर्डात, रोज ती तो घेत होती... कडू कवठाचं तेल! महारोगावर देतात ते. पण त्याच्याही आधी, फार आधी, हा वास तिनं कुठं घेतला होता? आगगाडीत. कोळशाच्या धुराबरोबर. कोपऱ्यातल्या खिडकीशी.

तिची नजर अंगणातल्या दोरीवर गेली. काळा बुरखा वाळत होता. जाळीच्या एका बाजूला लाल दोऱ्याचे टाके होते, उन्हानं फिकटलेले.

“आत्ती,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “बीबी इथं राहती?”

गिरिजाबाईंनी फळ्यांना पाठ आणखी घट्ट लावली.

“मुकी न्हाई ती. हो ना?” नीला एकेक पाऊल परत आली. “कोण आहे ती?”

“माझ्या तोंडून वदवू नको गं!” गिरिजाबाईंचा बांध फुटला. “लिंगावर हात ठेवून शब्द दिलाय म्या... तुझ्या पाया पडते, पोरी, मला इचारू नको!”

नीलानं मग विचारलं नाही. पाहायला शिकलेली मुलगी होती ती. दोन खुणा समोर ठेवल्या की तिसरी तिला आपोआप दिसे. दुरून पसरलेलं बुरख्याचं टोक. कधीही न दिसलेले हात. महिन्या-दोन महिन्यांनी आपल्याचसाठी गाडीत येऊन बसणारी, आपली सगळी बडबड पिऊन घेणारी, परकी बाई... जगात असं कोण करतं? एकच माणूस करतं.

ती आतल्या दारापाशी गेली, फळ्यांना कपाळ टेकलं आणि अगदी लहानपणच्या स्वरात म्हणाली, “बीबी... आज मणी न्हाई आणला मी.”

आतून एक हुंदका आला. आणि मग, कळायला लागल्यापासून नीलानं प्रथमच ऐकलेला, रोगानं खरखरीत झालेला तो आवाज: “जवळ येऊ नको, माझ्या बाळा... तुझं लगीन मोडंल!”

“आई!”

गिरिजाबाई बाजूला सरल्या. दार त्यांनी उघडलं नाही. पण अडवलंही नाही. शब्द मोडला नव्हता त्यांनी. फक्त पाठ काढून घेतली होती.

नीलानं दार ढकललं. कोपऱ्यात, घोंगडीवर, रुद्रम्मा भिंतीला चिकटून बसली होती. बोटं आखडलेली, चेहरा पदरानं झाकलेला, आणि गळ्यात, इष्टलिंगाच्या दोऱ्यालगत, तेरच्या मण्यांची सर. वेडेवाकडे, काचेचे, दगडाचे, नीलानं दिलेले सगळे.

नीला तिच्यापुढं जमिनीवर बसली. तिनं ते हात हातात घेतले तेव्हा रुद्रम्मानं ते सोडवायची किती धडपड केली! “ऐक, आई,” नीला रडत रडत, तरीही डॉक्टरच्या स्थिर आवाजात सांगत होती. “मी लहान होते तेव्हा मला लांब ठेवलंस, ते बरोबरच केलंस. पण हे रक्तातून येत न्हाई. रोगजंतू असतो, मी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिलाय. तुझ्या पोटी जन्मले म्हणून मला काही होणार न्हाई. उमरग्याच्या माणसांना मी स्वतः सांगेन. त्यांचा मुलगाही डॉक्टर आहे. त्याला एवढं कळत नसलं तर तो मला नकोच.”

“आन् मोडलं तर?”

“मोडलं तर मोडलं. आत्तीनं न्हाई का मोडलं स्वतःचं?”

गिरिजाबाई दचकल्या. “तुला... कुणी सांगितलं?”

“मामांनी. बेंबळीचं स्थळ आत्तीनं का नाकारलं कुणास ठाऊक, एवढंच म्हणाले होते. का, ते आज कळलं.” नीला उठली, गिरिजाबाईंजवळ आली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. “मी तुम्हाला काय काय बोलले, आत्ती...!”

“उठ गं,” गिरिजाबाई म्हणाल्या. “सुई हाय माझ्या हातात, टोचंल.”

पुढच्या जुम्म्याला तिघी तेरला निघाल्या. बुरखा अजून हवाच होता. गार्डानं पाहिलं असतं तर डब्यात बसू दिलं नसतं. पण या वेळी नीला बुरख्याला खेटून बसली होती, बुरख्याच्या आतला हात तिनं आपल्या मांडीवर घेतला होता, आणि मुकी बीबी सारखी बोलत होती! तेव्हाचे पाढे, मामीच्या तक्रारी, तोफेवरून न उतरणारी पोर... तिला सगळं, सगळं आठवत होतं.

“बीबीजान, जरा दम घ्या,” नीला हसून म्हणाली. “तेर यायला अजून वेळ आहे.”

समोरच्या बाकावर गिरिजाबाई एकट्याच होत्या. सवयीनं त्यांचे डोळे डब्याच्या दाराकडं गेले, मग बुरख्याकडं, मग नीलाकडं... आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आता पाहायचं काही उरलेलं नाही. कुणाला लांब ठेवायचं नाही. कुणापासून काही झाकायचं नाही.

त्यांनी खिडकीकडं तोंड केलं. करडईची पिवळी रानं हळूहळू मागं सरकत होती. बांधावर एक बाई डोक्यावर पाटी घेऊन गाडी जाईपर्यंत थांबली होती. दूर कुठंतरी मोटेचं पाणी उन्हात चमकलं.

“नीले,” त्या नवलानं म्हणाल्या, “केवढी गं करडई फुललीय! ह्या वाटेनं एवढी रानं हायत?”

“नेहमीच असतात, आत्ती.”

“असतील,” गिरिजाबाई म्हणाल्या, आणि तेर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या.