झरोक्यातला वारा

"हात लावू नको बे! तो मणी गरम झाला का पंखा सुरू होते!" सहदेव ओरडला.

हिंमतनं बोट मागं घेतलं, पण उशीर झाला होता. लाकडी पेटीत 'टक्क' असा आवाज झाला आणि खिडकीत ठेवलेला टेबलफॅन घरघरत फिरू लागला.

"मी फक्त चिमटीत धरला ना!" हिंमत डोळे विस्फारून म्हणाला. "जादू हाये का हे?"

"जादू नाई, थर्मिस्टर! गरमी ओळखणारा मणी. तुह्या बोटाची गरमी लागली त्याले."

सहदेव आणि त्याची धाकटी बहीण सिंधू खामगावहून उन्हाळ्याच्या सुटीत वरवट बकालला भगवानमामांकडे आले होते. हिंमत हा मामांचा मुलगा. नववीत जाणाऱ्या सहदेवनं वर्षभर एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून जुने ट्रान्झिस्टर आणि आपोआप चालू-बंद करणारे रिले जमवले होते. गावात वीज येऊन दोनच वर्षं झाली होती, आणि त्या विजेवर त्याला झाडं वाढवून दाखवायची होती. तीही बंद खोलीत!

मामांच्या धान्याच्या गोदामाला लागून एक रिकामी खोली होती. तिथं त्यानं नागवेलीची चाळीस कलमं टोपल्यांत लावली. उजेड कमी झाला की ट्यूबलाईट आपोआप लागे. खोली तापली की पंखा सुरू होई आणि गरम हवा खिडकीतून ओसरीवर फेके. दार बंद असल्यामुळे गोदामाच्या भिंतीतल्या झरोक्यातून गार हवा आत येई. टोपल्यांत पाणी झिरपायला सुतळीच्या वाती लावल्या होत्या.

"आता आठ दिवस आत कोणी पायही ठेवायचा नाई," सहदेवनं ऐटीत जाहीर केलं. "सगळं यंत्र पाहील!"

"मंग आपण काय करायचं?" सिंधूनं विचारलं.

"तू बाहेर बसून पंखा कधी लागते ते लिहून ठेव."

"वा रे साहेब! म्हणजे यंत्राले आराम अन् मले काम!" सिंधू फणकारली. पण वही तिनं घेतली.

पंख्याचा पहिला फायदा झाला तो कडूबाला. कडूबा गोदामाचा राखणदार. दुपारी ओसरीवर वारा येतो असं दिसताच त्यानं आपली खाट थेट खिडकीखाली ओढली.

"पोरांनो, राजा करून टाकलं मले!" तो हसत म्हणाला.

ते गुरुवारी. शुक्रवारी दुपारी कडूबाला मळमळलं. शनिवारी तो ओकला.

"ऊन लागलं," गोदामाचे मुनीम उत्तमराव म्हणाले. अन्नपूर्णामामींनी कैरीचं पन्हं दिलं, तळपायाला कांदा चोळला. आणि ऊन लागलेल्या माणसाला गारव्याची जागा लागते, म्हणून खाट आणखी खिडकीजवळ सरकवली.

रविवारी कडूबा उठून बसला. भाकर खाल्ली. सगळ्यांना हायसं वाटलं.

सोमवारी दुपारी त्याच्या छातीत कळ आली. ओठ काळवंडले. तो बोलेना, नुसता जोरजोरात श्वास ओढत राहिला.

मामांनी डॉक्टरांना आणायला गडी पाठवला. खिडकीत पंखा घरघरतच होता.

सिंधू वही उघडून बसली होती. एकदम तिनं सहदेवचा दंड धरला.

"दादा, हे पाह्य. शुक्रवारी पंखा सव्वा वाजता लागला, दोन वाजता कडूबाकाका आजारी. शनिवारी तसंच. आजही तसंच."

"मंग? उनाची वेळच ते."

"अन् रविवारी? ऊन तर रविवारीच जास्त होतं! रविवारी दिवसभर लाईट नव्हती. पंखा लागलाच नाई!"

सहदेवनं पंख्याचा प्लग ओढून काढला आणि धावत जाऊन खोलीचं दार ढकललं.

ट्यूबलाईट शांतपणे जळत होती. झरोक्याजवळची कलमं मान टाकून काळी पडली होती. दारालगतची मात्र हिरवीगार! झरोक्याखाली मुंग्यांचा काळा थर पडला होता, सगळ्या मेलेल्या. त्यांच्यात एक पाल उताणी पडली होती. आणि वास! सडक्या लसणासारखा उग्र वास.

"बाहेर ये!" सिंधूनं त्याला मागून ओढलं. तेवढ्यातही त्याचं डोकं गरगरायला लागलं होतं.

हिंमतसह तिघांनी मिळून कडूबाची खाट ओढत अंगणातल्या सावलीत नेली. सहदेव धापा टाकत मामांपुढे उभा राहिला.

"मामा, कडूबाकाकाले ऊन नाई लागलं. गोदामातून विषारी हवा येऊन राह्यली. अन् ते त्याच्या अंगावर आमच्याच पंख्यानं सोडली. मीच लावला तो."

मामा चमकले. "उत्तमराव, गोदामात कीड मारायच्या विषारी गोळ्या टाकल्या काय तुम्ही? मी सांगितलं होतं, हरभरा आधी घरापासून दूर, शेतातल्या गोदामात हलवा, मंगच गोळ्या!"

"छे हो मालक! नुसता कडूलिंबाचा पाला टाकला, अन् दार शेणामातीनं लिंपलं," उत्तमराव हसले. "पोरांच्या बडबडीवर काऊन जाता? ते दार फोडलं तर कीड शिरेल. तुम्ही कडूबाले परत गारव्याले ठेवा. संध्याकाळी ठीक होईल."

उत्तमराव वीस वर्षांपासूनचे मुनीम. मामा गोंधळले. त्यांनी गड्यांना हाक मारली, "उचला रे खाट. ओसरीवर घ्या."

सिंधूनं दोन्ही हात पसरून वाट अडवली. "थांबा मामा! पाच मिनिटं फक्त!"

तिनं सहदेवच्या कानात काहीतरी सांगितलं. सगळे कडूबाभोवती असताना सहदेवनं श्वास रोखून टेबलफॅन खिडकीबाहेर काढला आणि खिडकीची फळी घट्ट लावून घेतली. पंखा ओसरीच्या कठड्यावर ठेवून प्लग पुन्हा लावला आणि त्यावर गोणपाटाचा पडदा सोडला. आता पंखा बाहेरचीच स्वच्छ हवा फेकणार होता, पण ते फक्त तिघांना माहीत होतं. मण्याची लांब तार हिंमतच्या हातात होती, मणी गार राहावा म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

"उत्तमकाका," सिंधू गोड आवाजात म्हणाली, "तुम्हीही दमले असाल. डॉक्टर येईपर्यंत ओसरीवर खिडकीपाशी बाकावर बसा ना. लय गार वारा येते."

"नको, नको. मी इथंच बरा."

"बसा हो," मामा म्हणाले. "पालाच हाये ना आत?"

सगळे पाहत होते. उत्तमराव बाकाच्या टोकावर कसेबसे टेकले. हिंमतनं मणी फडक्यातून काढून मुठीत घट्ट धरला.

एक क्षण गेला. दोन गेले.

टक्क!

पडद्याआडून वाऱ्याचा झोत आला आणि उत्तमराव विंचू चावल्यासारखे उडाले! उपरण्यानं नाकतोंड दाबून ते ओरडले, "बंद करा! बंद करा ते! मरून जाईन मी!"

अंगणभर ते धावत सुटले आणि थेट विहिरीपाशी जाऊन थांबले.

"पाल्यानं माणूस मरते काय उत्तमराव?" मामांचा आवाज थंड होता.

उत्तमरावांनी मान खाली घातली. "दोनशे पोती हलवायचा कंटाळा केला मालक. गुरुवारी रात्री गोळ्या टाकल्या अन् दार लिंपलं. पोत्यांमागचा झरोका ध्यानातच राह्यला नाई."

"अन् कडूबा आजारी पडला तवा काऊन नाई सांगितलं?"



तेवढ्यात डॉक्टरांची मोटारसायकल वाजली. गोळ्यांचं नाव ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. अर्ध्या तासात मामांच्या जीपमधून कडूबा खामगावच्या इस्पितळात निघाला. मामींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. जाताना त्यानं डोळे उघडले नाहीत.

ते दोन दिवस सहदेवनं पंख्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मामांनी गोदामाच्या आसपास कुणाला फिरकू दिलं नाही, आणि उत्तमरावांकडून किल्ल्या काढून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः आले. "वाचला कडूबा! आज चहा मागितला त्यानं. आणखी एक दुपार त्या खिडकीखाली गेली असती, तर काही खरं नव्हतं. ती पंख्याच्या वेळांची वही कुणाची? वेळा लिहिलेल्या नसत्या, तर मीही ऊनच म्हटलं असतं."

मामींनी सिंधूला जवळ ओढलं. "अन् मी बाई त्याची खाट तिकडंच सरकवत होती!" त्यांचे डोळे भरून आले.

सहदेव मात्र खांबाआड उभा होता. मामांनी त्याला पुढं बोलावलं.

"काऊन रे, तोंड पाडून उभा?"

"मामा, वारा तर माह्याच पंख्यानं नेला ना त्याच्यापर्यंत."

"हाव, नेला." मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण हे मले तू सांगितलं, कोणी विचारायच्या आधी. वीस वर्षांच्या मुनीमाले येवढं जमलं नाई रे पोरा."