दहा नंबरचा पाना

पक्कड आम्ही दोघांनी एकदमच धरली. मी दांड्यांकडून, त्याने तोंडाकडून.

अम्मानचा शुक्रवारचा बाजार, वरून भुरभुर पाऊस, आणि ताडपत्रीवर जुन्या हत्यारांचा हा एवढा ढीग. अर्धा तास वाकून वाकून मला एक धड पक्कड सापडली होती. ती काय कोणा ऐऱ्यागैऱ्याला सोडणार?

"मी आधी बघितलीय," मी म्हटलं.

"बरं."

"मग सोडा."

"सोडतो. पण दांडीला तडा आहे. घरी जाऊन मोडली की मलाच शिव्या घालाल."

"तुम्हाला कशाला घालीन?"

"दुकान माझं आहे ना..."

शेजारी जुने रेडिओ मांडून बसलेले अबू हातेम खो खो हसत सुटले. मी लाजेने लाल झाले, आणि लाज लपवायची तर माझ्याकडे एकच उपाय असतो, तो म्हणजे चिडणं. तडा गेलेली हत्यारं विकायला ठेवताच कशाला, म्हणून मी त्यालाच फैलावर घेतलं. त्याने निमूटपणे ती पक्कड बाजूला टाकली, मागच्या पेटीतून दुसरी काढली, तिचा गंज फडक्याने पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवली. बोटं लागली नाहीत. पण लागतील की काय, असं वाटून मी श्वास धरून ठेवला होता, ते मात्र खरं.

त्याचं नाव कुतैबा. आठवडाभर एका कारखान्यात लेथवर काम करायचा, आणि बंद पडलेल्या गॅरेजांमधली हत्यारं विकत घेऊन, घासूनपुसून शुक्रवारी इथे मांडायचा.

हत्यारं मला का हवी होती, तर बाबांच्या गाडीसाठी. बाबांनी तीस वर्षं टॅक्सी चालवली, पण बॉनेट उघडून म्हणून कधी पाहिलं नाही. ते मेकॅनिकचं काम, म्हणायचे. आता त्यांचे गुडघे गेले, टॅक्सी गेली, आणि घरची पांढरी म्हातारी गाडी माझ्या गळ्यात आली. आमच्या गल्लीतला मेकॅनिक एक बिघाड दुरुस्त करून दोन नवे जोडून द्यायचा. शेवटी मी शपथ घेतली, की यापुढे हिचं किरकोळ दुखणं मीच बघणार. बाबा म्हणाले, मुलींना भूगोल शिकवणारी तू, तुला गाडीतलं काय कळणार? झालं. मला तेवढंच पुरतं.

पहिल्याच दिवशी मी कुतैबाला सांगितलं, मला अख्खी पेटी भरून द्या. त्याने मान हलवली. म्हणाला, पेटी एका दिवसात भरायची नसते. एक वस्तू न्यायची, आठवडाभर वापरायची, हाताला ओळख झाली की दुसरी. मला ते पटलं. मूर्ख मी.

मग दर शुक्रवारी मी जाऊ लागले. पक्कड झाली, मग दोन पेचकस, मग बारा-तेराचा पाना, चाकातली हवा मोजायचं मीटर, तेल ओतायचं नरसाळं. तो आधी माझी नखं बघायचा. काळी असली की खूश. "वापरलंय म्हणायचं, बाई." मग लहान कपातून कडू कॉफी, आणि परीक्षा. इंजिनातलं तेल मोजायची काडी किती वेळा पुसून बघायची? जॅकवर चढवलेल्या गाडीखाली हात घालायचा का? मी वर्गात मुलींना विचारते तसं तो मला विचारायचा, आणि उत्तर बरोबर आलं की मान खाली घालून हसायचा. ते हसू बघायला मी सोमवारपासून अभ्यास करायचे, हे त्याला कुठे माहीत होतं...

फक्त दहा नंबरचा पाना तेवढा मिळेना. बॅटरीची टोकं आवळायला तोच लागतो, आणि आमच्या म्हातारीची टोकं सारखी सैल. दर वेळी मी विचारायची, आणि दर वेळी तो म्हणायचा, "नाही आला. दहा नंबर सगळ्या जगात हरवतो, बाई. कुठे जातो, देव जाणे."

अकराव्या शुक्रवारी मी पोचले तेव्हा दुकानासमोर एक बाई उभी होती. बाई कसली, आमच्याच चढावर औषधांचं दुकान चालवणारी लमीस. ताजे विंचरलेले केस, गाडीची नवी कोरी किल्ली बोटाभोवती गरगर फिरतेय. अबू हातेमनी मला बाजूला बोलावून कानात सांगितलं, की कुतैबाच्या मावशीने हे स्थळ सुचवलंय. पोरगी हत्यारं घ्यायच्या निमित्ताने मुलगा बघायला आलीय.

मी मत्सरी नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय. साफ खोटं आहे. त्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि वर हे बघायचं होतं... कुतैबाने एक रिकामी पेटी घेतली आणि भराभर भरायला सुरुवात केली. पक्कड, पेचकस, सगळे पाने, नटांवर बसवायच्या गोट्यांचा संच, मीटर, नरसाळं. पाव तासात पेटी गच्च. शेवटी खिशातून काहीतरी काढून त्याने वर ठेवलं. चकचकीत, आखूड. दहा नंबर. मग ती जड पेटी खांद्यावर घेऊन तो तिच्या गाडीपर्यंत गेला. माझं नरसाळं मी स्वतः बसमधून नेलं होतं.

परत आल्यावर त्याने नेहमीसारखा कप माझ्यापुढे केला. मी घेतला, आणि न पिता तसाच खाली ठेवला.

"कप खाली ठेवलास?" अबू हातेम म्हणाले. "काय मागायला आलीस, मुली? नवरदेवाकडची माणसं ठेवतात तसा ठेवलास की."

आमच्याकडे मागणी घालायला आलेला माणूस मागणं मान्य होईपर्यंत कॉफीला ओठ लावत नाही. एरवी मीही हसले असते.

"तिला एका दिवसात अख्खी पेटी," मी कुतैबाला म्हटलं. "आणि मला अकरा आठवडे एकेक तुकडा."

"त्यांना घाई होती."

"आणि मला नव्हती?"

तो फडक्याशी चाळा करत राहिला. "तुम्हाला... नसावी, असं वाटायचं मला."

म्हणजे मी रिकामटेकडी. तिचा वेळ सोन्याचा आणि माझा मातीचा. मी पिशवीतली पक्कड काढली, त्याच्या ताडपत्रीवर आपटली. "हीपण तिलाच द्या," म्हटलं आणि मागे न बघता निघाले. चढावर पोचेपर्यंत डोळे पुसत होते. पाऊसही नव्हता त्या दिवशी, पावसावर ढकलायची सोय नव्हती.

पुढचे दोन शुक्रवार गेले नाही. घरात भांडी आपटली, मुलींना नकाशे दोनदोनदा काढायला लावले. बाबा विचारायचे, तुझी ती हत्यारांची शाळा सुटली का? मी म्हणायची, सुटली. आणि मनात रोज त्या दोघांचं लग्न लावायची. तिला पांढरा पोशाख, त्याला बाजारात घालायचा तोच करडा कोट, आणि आहेरात गोट्यांचा संच.

तिसऱ्या गुरुवारी बाबांच्या गुडघ्याचं मलम संपलं. नाक मुठीत धरून लमीसच्या दुकानात गेले, मलम घेतलं, गाडीत बसले, आणि म्हातारी सुरू होईना. बॅटरीचं टोक सैल. दुसरं काय असणार? आणि बंद पडायचं कुणाच्या दारात, तर हिच्या.

लमीसच बाहेर आली. स्वतःच्या गाडीतून पेटी घेऊन आली. आतलं एकही हत्यार हललेलं नव्हतं. तिचा दहा नंबर हातात घेताना माझा जीव कसा जळला म्हणून सांगू.

"घे, तू तरी वापर," ती म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं? मी मुलगा बघायला गेले होते. असा उद्धट माणूस मी पाहिला नाही बाई. मी म्हटलं, थोडं आज नेते, उरलेलं पुढच्या शुक्रवारी. तर म्हणतो कसा, आजच सगळं न्या, म्हणजे पुन्हा यायला नको. आणि स्वतः पेटी उचलून मला गाडीपर्यंत पोचवून आला. हाकललंच म्हण ना."

माझा हात पान्यावर तसाच थांबला. आजच न्या, म्हणजे पुन्हा यायला नको. आणि मला... अकरा शुक्रवार.

टोक मी इतकं आवळलं, की लमीस म्हणाली, अगं पुरे.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आधी मी तिथे हजर. कुतैबा ताडपत्री पसरत होता. तीन आठवड्यांत वाळला होता मेला. मला बघून उठून उभा राहिला.

"दहा नंबर द्या," मी म्हटलं.

"नाही आ—"

"त्या बिस्किटाच्या डब्यात बघ, मुली," रेडिओ पुसता पुसता अबू हातेम म्हणाले. "मला आता हे बघवत नाही."

कुतैबाने डब्यावर हात ठेवला. मी तो बाजूला केला. यावेळी बोटं लागली, आणि दोघांनीही लगेच काढली नाहीत. डबा उघडला. आत दहा नंबरचे पाने. एक नाही, दोन नाही, चांगले चौदा. सगळे घासलेले, तेल लावलेले.

"हे काय आहे?"

"येतील तसे लपवत गेलो," तो खाली बघत म्हणाला. "एक जरी दिला असता तरी तुमची पेटी पूर्ण झाली असती. आणि पेटी पूर्ण झाल्यावर तुम्ही इथे कशाला आला असता, मायसून?"

बाई नाही, मायसून. पहिल्यांदाच. मी पुन्हा लाजेने लाल झाले, म्हणून चिडले. म्हटलं, असं बाजारात कोणी बोलतं का? आमच्याकडे या. घरी बाबा आहेत, कॉफी आहे.

तो त्याच दुपारी आला. आईवडील नाहीत, म्हणून वडीलधारे अबू हातेम सोबत, इस्त्रीचा सदरा घातलेले. मोठ्या माणसांची मोठी बैठक नंतर व्हायचीच होती. पण कुतैबाला आता एक शुक्रवारही थांबायचं नव्हतं.

बाबांना वाटलं, हत्यारवाला हिशोबाला आलाय. त्यांनी कपात कॉफी ओतली. कुतैबाने कप घेतला, आणि समोर ठेवला. बाबा म्हणाले, "घ्या की. कडू आहे, पण चांगली आहे." तो हलला नाही. अबू हातेमनीही आपला कप खाली ठेवला. मग बाबांच्या लक्षात आलं. त्यांनी एकदा कपांकडे बघितलं, एकदा दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"मायसून," त्यांनी हाक मारली. "कॉफी गार होतेय. काय सांगू यांना?"

मी बाहेर आले. पण अकरा शुक्रवार मला वाट बघायला लावणाऱ्याला मी असा सोडणार होते थोडीच.

"आधी विचारा त्यांना," मी म्हटलं, "लमीसची पेटी खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत का गेले होते?"

कुतैबाने मान वर केली. "तुम्ही उतारावरून येताना दिसलात. ती लवकर जावी म्हणून."

अबू हातेम खोकले. मी बाबांकडे बघून मान हलवली.

"प्या बेटा कॉफी," बाबा म्हणाले.

त्याने ती गार कडू कॉफी एका घोटात संपवली. मग खिशातून दहा नंबर काढला आणि कपाच्या बाजूला, माझ्या पुढ्यात ठेवला.