हिरवा स्टिकर

"आत्या, ब्रेक! ब्रेक दाब ना!" मागच्या सीटवरून टिवल्या किंचाळला.

"दाबतेय रे! दगडासारखा झालाय!"

पुलाच्या ऐन मध्यावर आत्याची विजेवरची गाडी अचानक मेली होती. समोरचा पडदा काळा ठिक्कर, स्टिअरिंग जड, आणि मागून गॅसचा टँकर भोंगा वाजवत अंगावर येत होता. आत्याने दोन्ही पाय ब्रेकवर रोवले आणि जवळजवळ उभीच राहिली. कर्रर्र करत गाडी कठड्याला घासली आणि थांबली. टँकर वीतभर अंतरावरून निघून गेला. मुंगीने घाबरून टिवल्याचा कान धरला होता, तो सोडायचंही तिला भान नव्हतं.

सुट्टीत आत्याकडे राहायला आलेली ही तीन भावंडं. तेरा वर्षांची वकीलताई, कारण ती भिंतीशीही वाद घालेल. बारा वर्षांचा टिवल्या, ज्याचे उद्योग नावाप्रमाणेच. आणि नऊ वर्षांची मुंगी, फट दिसली की शिरलीच! आत्या नर्स होती. दवाखान्यातलं काम आटोपलं की घाटाखालच्या म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधायला ती या गाडीने जायची.

गाडी चालता चालता बंद पडते, हा दोष कंपनीने स्वतःच कबूल केला होता. पत्रं पाठवून सगळ्या गाड्या परत बोलावल्या होत्या. नवं सॉफ्टवेअर घातलं की दोष जाईल म्हणे! आत्याची गाडी बारा दिवसांपूर्वीच जाऊन आली होती. काचेवर 'अपडेट पूर्ण' असा हिरवा स्टिकर ऐटीत झळकत होता. त्यानंतर एकदा ती बाजारात बंद पडली, आणि आज पुलावर!

गाडी ओढून सर्व्हिस सेंटरला नेली. मॅनेजरने स्टिकरवर बोट ठेवलं.

"सिस्टर, गाडीत आता दोष उरलेलाच नाही. मागच्या आठवड्यात सांगितलं तेच सांगतो. वय झालं की पाय चुकतो. ब्रेकऐवजी भलतंच दाबलं जातं."

"पाय चुकला की पडदा काळा होतो का?" वकीलताईने विचारलं.

"बाळ, मोठ्यांच्या बोलण्यात लहानांनी पडू नये."

चोर तर चोर, वर शिरजोर! वकीलताईचा नुसता संताप झाला. पण मुलांना जास्त भीती वाटली ती आत्याकडे बघून. एरवी मोठमोठ्या डॉक्टरांना सुनावणारी आत्या खाली मान घालून स्वतःच्या पायांकडे बघत होती.

"पुन्हा एकदा तपासा," ती हळू आवाजात म्हणाली. "मला चार वाजता घाट उतरायचाय. तिथल्या एका आजोबांची जखम चिघळलीय."

मुलांना बाकावर बसवून ती जवळच्या दवाखान्यात कामाला गेली.

घाट! सात वळणं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. आणि ब्रेक दगड झाला तर? मुंगीने ताईची बाही ओढली.

"ताई, आत्या दरीत पडेल का गं?"

"गप्प बस!" वकीलताई खेकसली.

टिवल्याला बसवेना. तो मागच्या आवारात गेला, मागोमाग दोघी. तिथे एकाच प्रकारच्या गाड्यांची लांबलचक रांग होती. एक मेकॅनिक हातात टॅब घेऊन एकेका गाडीपाशी जात होता, बटण दाबत होता, स्टिकर चिकटवत होता आणि पुढे सरकत होता.

"काका, पंधरा मिनिटांत सहा गाड्या?" टिवल्या म्हणाला. "आमच्या शेजारच्या गुरांच्या डॉक्टरांनी घरीच अपडेट केलं, तर पाऊण तास लागला! डॉक्टर तेवढ्यात जेवून एक डुलकीही काढून उठले."

मेकॅनिक हसला. "आमचं काम फक्त पाठवायचं. इथून गेलं की स्टिकर लावायचा. पुढे ते बसवून घ्यायचं काम गाडीचं. गाडी बंद हवी आणि किल्ली लांब हवी, दहा-पंधरा पावलं तरी. किल्ली जवळ असली की गाडीला वाटतं मालक निघालाय. मग ती झोपतच नाही, आणि अपडेट बसत नाही."

"आणि झोपलीच नाही तर?"

"तासभर वाट बघते, मग नाद सोडते. पुन्हा पाठवावं लागतं."

मुंगी तोवर प्रत्येक काचेला नाक लावत रांगेच्या टोकाला पोचली होती. ती तिथूनच ओरडली, "अहो काका, किल्ल्या तर सगळ्या गाड्यांच्या आतच आहेत!"

"असणारच. गेल्या वर्षी अदलाबदल झाली ना! न्हाव्याची गाडी दातांचे डॉक्टर घेऊन गेले. तिकडे कातऱ्या पोचल्या, इकडे पकडी! तेव्हापासून साहेबांचा हुकूमच आहे, ज्याची किल्ली त्याच्याच गाडीत..."

मेकॅनिकचं हसू तिथेच विरलं. त्याने रांगेकडे पाहिलं, मग हातातल्या स्टिकरांच्या गठ्ठ्याकडे.

"म्हणजे एकाही गाडीत ते बसलेलंच नाही!" वकीलताई म्हणाली. "आत्याची गाडी कुठंय?"

चौघंही पुढच्या दाराकडे धावली. गाडीची जागा रिकामी होती!

"सिस्टर आत्ताच घेऊन गेल्या की," वॉचमन म्हणाला. "आजोबांना ताप चढलाय असा फोन आला. तुम्हाला घरी जायला सांगितलंय."

मेकॅनिकने घाईघाईने आत्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली. गाडी चालवताना आत्या कधीच फोन उचलायची नाही.

"रस्ता बाजाराला वळसा घालून जातो," टिवल्या ओरडला. "पायऱ्यांची वाट सरळ घाटाच्या तोंडाशी निघते. पळा!"

"मी साहेबांना घेऊन येतो!" मेकॅनिक म्हणाला.

किती पायऱ्या होत्या कुणास ठाऊक! मुंगीच्या चपलेचा अंगठा तुटला, तशी ती चपला फेकून अनवाणी पळाली. टिवल्याला धाप लागली होती. वकीलताई एरवी अखंड बोलायची, पण आता ती मनातल्या मनात एकच म्हणत होती: पोचू दे, पोचू दे, पोचू दे!

तिघं वर पोचली आणि त्याच क्षणी वळणावर आत्याची गाडी दिसली. टिवल्या रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवू लागला.

"बाजूला हो!" वकीलताई किंचाळली. "ब्रेक लागला नाही तर?"

टिवल्या हलला नाही. गाडी जवळ आली. आणखी जवळ आली. त्याने डोळे घट्ट मिटले. गाडी चार पावलांवर थांबली.

आत्या दार उघडून धावत आली. "मरायचंय का तुला?"

"तुला मरू द्यायचं नाहीये!" टिवल्या म्हणाला आणि रडायलाच लागला.

तेवढ्यात मेकॅनिकची मोटारसायकल धडधडत आली. मागे त्याला घट्ट धरून मॅनेजर बसला होता.

"काय तमाशा चाललाय?" उतरता उतरता तो गरजला. "गाडी ठणठणीत आहे!"

"मग तुम्हीच ती घाटातून खाली न्या ना," वकीलताई शांतपणे म्हणाली. "तुमचा पाय तर चुकत नाही."

मॅनेजर तोऱ्यात आत बसला. त्याने पट्टा लावला. समोर रस्ता उतरत दरीच्या कडेने दिसेनासा होत होता.

"निघण्याआधी पडद्यावर अपडेटचं पान तेवढं उघडा," वकीलताई म्हणाली.

त्याने उघडलं. तिथे लिहिलं होतं: 'अपडेट झाले नाही. कारण: किल्ली गाडीत आहे.'

मॅनेजरने ते दोनदा वाचलं. मग त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आतापर्यंत किती गाड्या दिल्या आपण?"

"बारा दिवसांत एकेचाळीस, साहेब. काल तुमच्या मुलीचीही दिली."

मॅनेजरने लगेच मुलीला फोन लावला. "बाळा, गाडी बाजूला घे. नाही, आत्ताच्या आत्ता! विचारू नकोस गं, थांब फक्त!" पलीकडून "थांबले बाबा" असं ऐकू आलं, तेव्हा तो खाली उतरून कठड्यावर मटकन बसला.

मग तिथेच सगळ्यांनी मेकॅनिकच्या टॅबवरची यादी वाटून घेतली आणि मालकांना फोन सुरू केले. शेवटचा फोन कोणी उचलेना. एकदा, दोनदा, पाच वेळा! सहाव्या वेळी मालक म्हणाले, "आंघोळ करत होतो हो! एवढी कसली घाई?"

मॅनेजर आत्यापुढे येऊन उभा राहिला. "सिस्टर, तुमचा पाय चुकला नव्हता. मीच चुकलो. या मुलांनी आज किती घरं वाचवली, ते मलाच कळतंय."

"मी म्हणतो साहेब, तपासणीला यांनाच ठेवा," मेकॅनिक म्हणाला. "विशेषतः त्या मुंगीला!"

आत्या डोळे पुसत होती. "आठ दिवस मी स्वतःलाच दोष देत होते रे. वाटलं, आता आपलं संपलं."

गाडी तिथेच कुलूप लावून ठेवली आणि चौघं आजोबांकडे जायला बसमध्ये बसली. मुंगी आत्याला बिलगली.

"आत्या, तुला एवढी भीती वाटत होती, तर तू एकटीच का निघालीस?"

आत्याने तिचे धुळीने माखलेले अनवाणी पाय मांडीवर घेतले आणि रुमालाने पुसू लागली.

"भीती वाटत होती, म्हणूनच तर तुम्हाला मागे ठेवलं," ती म्हणाली. "आणि तुम्ही माझ्याही पुढे जाऊन उभे राहिलात!"