कधीतरी घरी या

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी समजावी, मला वाद घालायला सवड नाही. मुलगी झोपली आहे तेवढ्यात लिहून काढते.

फेब्रुवारी होता. कोरियातल्या कोजे बेटावर चढावरची आमची इमारत, खाली जहाजांचा कारखाना, त्याच्यापलीकडे समुद्र. त्या संध्याकाळी सुटीचा भोंगा होऊन गेला तरी माझा नवरा घरी आला नव्हता.

आणि आला तेव्हा...

तो एकटा आला नाही.

आधी त्याच्याविषयी सांगते. तोर्गेर नॉर्वेचा. जहाज घेणाऱ्यांच्या बाजूने वेल्डिंग तपासायला आला आणि माझ्याशी लग्न करून इथंच राहिला. सुरुवातीला रोज घरी येऊन डोकं धरून बसायचा.

"प्रत्येक माणूस मला विचारतो, जेवलास का. मी खरं सांगतो, नाही जेवलो. मग तो हसतो आणि निघून जातो! हा काय प्रकार आहे?"

"अरे, तुझ्या जेवणाचं कुणाला काय पडलंय? विचारायची रीत आहे ती."

त्याला खरी तालीम दिली बोन-चल दादांनी. हे त्याच्या गटाचे मुकादम. पन्नाशीचे, बिनलग्नाचे, म्हाताऱ्या आईला सांभाळून राहणारे. "हे बघ," ते म्हणायचे, "भेटलं की म्हणायचं, एकदा जेवायला बसू. निघताना म्हणायचं, कधीतरी घरी या. घाबरू नकोस, कुणी येत नाही."

तोर्गेर शिकला. इतका छान शिकला की दुकानदारालाही म्हणायचा, कधीतरी घरी या.

मग कोंगी झाली. नाव अजून ठेवायचं होतं. पोटात असताना आम्ही तिला कोंगी म्हणायचो, शेंगेतला दाणा, तेच चाललं होतं.

माझी आई बाळंतपणाला आली ती वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं पोतं घेऊनच. तिन्ही त्रिकाळ मला शेवाळाचं सार, इथं बाळंतिणीला तेच देतात. जमिनीखालच्या नळ्यांत गरम पाणी सोडून घर इतकं तापवलेलं की तोर्गेर चड्डीवर फिरायचा. आईने दाराच्या चौकटीला गवताची दोरी बांधली, तिच्यात कोळसे आणि पाइनच्या डहाळ्या खोचल्या. मुलगी झाली की अशीच बांधतात. दोरी आहे तोवर परका माणूस घरात येत नाही, आणि घरचा माणूस मयताला जात नाही.

पहिली गोष्ट तोर्गेरला सांगितली होती.

दुसरी कुणी सांगितली नव्हती. ती काय सांगावी लागते?

एका दुपारी त्याने कोंगीला लोकरीत गुंडाळून बाबागाडीत घातलं आणि गाडी उघड्या बाल्कनीत नेऊन ठेवली. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. आईने पाहिलं आणि जी किंकाळी फोडली!

"सुकटीसारखी पोर वाळत घातलीय या माणसाने!"

"आमच्याकडे सगळी बाळं बाहेरच झोपतात, आई. मीसुद्धा झोपलोय."

"तरीच असे झालात जावईबापू!"

मी हसून हसून टाके दुखवून घेतले. त्या घरात आम्ही तसं हसलो ते शेवटचं.

त्याच आठवड्यात बोन-चल दादांची आई गेली.

मला हे माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी भोंग्यानंतर उशिराने दाराचं कुलूप वाजलं, तोर्गेर आत आला. काळा कोट, काळा टाय. अंगाला उदबत्तीचा वास. बूट काढून तो दोरीखालून सरळ कोंगीकडे निघाला.

आई स्वयंपाकघरातून आली आणि जागीच थिजली.

"कुठून आलात?"

"बोन-चल दादांची आई वारली. सगळा गट गेला होता. मी गेलो नसतो तर म्हणाले असते, परका तो परकाच."

"मीठ! आधी मीठ!" आईने डबाच उपडा केला त्याच्या अंगावर. "तान्हं पोर घरात आणि तुम्ही सुतकातून सरळ आत?"

"मला काय माहीत?" तोही ओरडला. मी त्याला असं ओरडताना पाहिलंच नव्हतं. "इथं आधी कुणी काही सांगत नाही! चुकल्यावर कळतं, अरे, हा नियम होता म्हणून! प्रत्येक वेळी मीच वेडा ठरतो!"

मग तो भिंतीला टेकून खाली बसला. मीठ केसांत तसंच.

"दादा फार रडत होते," तो हळू आवाजात म्हणाला. "आईला नातवंड बघायचं होतं, तेवढं राहिलं म्हणाले. मला वाईट वाटलं. मग मी त्यांच्या आईच्या तसबिरीसमोर फोन धरला. कोंगीचा फोटो दाखवला. आणि म्हटलं..."

"काय म्हटलंस?" मी विचारलं.

"कधीतरी घरी या, बाळाला बघायला."



माझी आई गप्प बसणारी बाई नाही. ती गप्प बसली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

रात्री कोंगीला पाजायला घेतलं...

तिने तोंड फिरवलं.

पुन्हा लावलं. पुन्हा फिरवलं. रडली नाही, चिडली नाही. मान वळवून ती दाराशेजारच्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

कोपऱ्यात काही नव्हतं. एक बाबागाडी, बस.

दुसऱ्या दिवशीही तेच. बाटलीही नको, चमच्यानेही नको. दूध ओठांच्या कडेने ओघळून जायचं. माझे कपडे, माझं अंथरूण, सगळं दुधाने ओलं, आणि पोर उपाशी. डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, दोष काही नाही. सलाईन लावलं, नळीने थोडं दूध पोटात घातलं, आणखी तपासण्या करू म्हणाले. सगळ्या बरोबर आल्या. घरी आलो की पुन्हा तेच. तिच्या मनगटावरची वळी नाहीशी झाली. पाय काड्यांसारखे दिसायला लागले.

आणि ती रडायची बंद झाली.

भुकेलं बाळ रडत नाही म्हणजे काय, हे ज्या आईने अनुभवलंय तिलाच कळेल. घर इतकं शांत की जमिनीखालच्या नळ्यांतून फिरणारं गरम पाणी ऐकू यायचं.

त्या शांततेत, एका दुपारी...

थप. थप. थप.

बाळाच्या पाठीवर थोपटतात ना, तसं. सावकाश. सवयीच्या हाताने.

मला वाटलं, आई आहे. मी वळून पाहिलं. आई ओट्याशी पाठ करून तांदूळ धूत होती. तोर्गेर कामावर. कोंगी माझ्यापासून हातभर लांब, गादीवर एकटी.

थप. थप.

तिच्या दुपट्याला खळगा पडत होता. भरून येत होता. पुन्हा पडत होता.

आणि माझी उपाशी पोर... समाधानाने डोळे मिटत होती.

मी तिला उचलून छातीशी धरलं. उदबत्तीचा वास आला. आमच्या घरात उदबत्ती नाही.

"आई, काहीतरी कर गं," मी म्हटलं. "काहीही कर. माझं बाळ चाललंय."

आईने तोर्गेरला फोन करून बोलावून घेतलं. वाडग्यात पाणी घेतलं, त्यात भात कालवला. रोजची भाजी चिरायची सुरी कोंगीच्या डोक्यावरून ओवाळली. "कोण आलंय? खा आणि जा," म्हणाली, आणि सुरी दाराकडे फेकली. टोक बाहेरच्या बाजूला पडलं तर पाहुणा गेला. आत पडलं तर...

टोक आत पडलं.

पुन्हा फेकली. आत.

पुन्हा. आत. दर वेळी टोक नेमकं कोंगीकडे.

"हा मूर्खपणा आहे," तोर्गेर म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "तिला पुन्हा दवाखान्यात नेऊ या. मी उद्याचं विमान बघतो. माझ्या घरी जाऊ या. तिथं कुणी..."

आईने सुरी फेकली. या वेळी टोक बाहेर पडलं. माझ्या तोंडून हुंदका फुटला.

मग ती सुरी जमिनीवर फिरली.

सावकाश. आपोआप. घड्याळाच्या काट्यासारखी. आम्ही तिघंही बघत होतो. टोक कोंगीवर येऊन थांबलं.

आई मटकन खाली बसली. "घालवून कशी जाईल? भूत म्हणून आलेली नाही ती. आमंत्रणाने आलीय."

तोर्गेरने एकदा कोंगीकडे पाहिलं. मग त्याने कोट घातला. दाराशेजारच्या कोपऱ्यासमोर गेला आणि वाकून नमस्कार केला. एकदा. मग दुसऱ्यांदा, जसा मृतांना करतात तसा.

"आजी," तो म्हणाला, "मी बोलावलं, तुम्ही आलात. आता चला. मी पोचवून येतो."

त्याने दार उघडून धरलं. एखाद्या म्हाताऱ्या बाईला जिना दाखवत जावं, तसा तो अर्धा वळून, हात पुढे धरून खाली गेला.

गाडीपाशी पोचल्यावर त्याने मला फोन लावला. "ठेवू नकोस," म्हणाला. "बोलू नकोस. नुसती सोबत अस."

मागचं दार उघडल्याचा आवाज. बऱ्याच वेळाने लागल्याचा. इंजिन.

आणि मग... टिंग. टिंग. टिंग.

मागच्या सीटवर कुणीतरी पट्टा न लावता बसलं की आमची गाडी वाजते.

"मागे कुणी नाहीये," तोर्गेर पुटपुटला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. "मी बघतोय. सीट रिकामी आहे."

टिंग. टिंग. टिंग.

खट्.

पट्टा लागला. आवाज थांबला.

गाडी फाटकाबाहेर पडल्याचं मी खिडकीतून पाहिलं. आणि माझ्या कुशीत कोंगी कळवळून रडली. किती गोड वाटलं ते रडणं! मी तिला पाजायला घेतलं. तिने असा घोट घेतला की मला ठणका लागला. ती पीत होती. मी आणि आई एकमेकींचा हात धरून रडत होतो.

तोर्गेर अंधार पडल्यावर परतला. टेकडीवर जिथं बोन-चल दादांच्या आईच्या अस्थी ठेवल्यात, तिथवर जाऊन आला होता. आईने या वेळी तो दाराबाहेर असतानाच मीठ टाकलं. तो आत आला, कोंगीच्या फुगलेल्या पोटावर हात ठेवून बसून राहिला.

"उतरल्या?" मी विचारलं.

"लगेच नाही. मी दार उघडून उभा होतो. पट्टा सुटत नव्हता. मी ओढून पाहिला, तरी सुटेना."

"मग?"

"मग मला कळलं, त्यांना रिकाम्या हाताने जायचं नाहीये."

मी कोंगीला जवळ ओढलं. "तू काय म्हणालास?"

"म्हटलं, आजी... या वेळी नको. पुढच्या वेळी."

"नको म्हणायचं होतंस ना! नुसतं नको! कधीच नको!"

"इथं थोरांना तोंडावर नाही म्हणतात का?" त्याचे डोळे भरून आले होते. "मला वाटलं, अपमान झाला तर त्या परत वर येतील. मी तसं म्हटलं... आणि पट्टा सुटला. आपोआप."

आई ओट्याशी सुरी घासत होती. घासून झाली तरी घासतच राहिली.

कोंगी आता चालते. बाबागाडी आम्ही कुणाला तरी देऊन टाकली. बोन-चल दादा एकदा म्हणाले, आई हल्ली स्वप्नात येते, खुशीत असते, कशाची तरी वाट बघतेय असं वाटतं. तोर्गेर तिथून उठून गेला.

पुढची वेळ म्हणजे कधी, ते त्याने सांगितलं नव्हतं. आजींनीही विचारलं नव्हतं.

दाराची घंटा वाजली की मी आधी कोंगीला उचलून घेते. जड झालीय आता, कमरेत कळ येते. तरी उचलते, घट्ट धरते.

मग विचारते, कोण आहे?