पाटीमागचा पिवळा ठिपका

पाटीच्या मागे काय असतं ते मला विचारा. रस्त्यानं जाणारी सगळी दुनिया पाटीचं तोंड बघते, मी पंचवीस वर्षं तिची पाठ बघतोय. भिगवणपासून इंदापूरपर्यंत आणि इकडे बारामतीपर्यंत वळणाच्या, गतिरोधकाच्या, गावांच्या नावांच्या पाट्या रोवणं हा माझा धंदा. मागे एक छापील चिकटपट्टी असते. पत्रा कधीचा, चकाकणारा कागद कुठल्या प्रतीचा, बसवली कोणी, एवढंच तिच्यावर. बाकी गंज, कोळ्याची जाळी आणि कुणा प्रेमवीराचं नाव. दुसरं काही नसतं, असं मी छातीठोकपणे सांगायचो. आता सांगत नाही. का, ते चहा संपेपर्यंत ऐका.

डाळजला आमच्या भिंतीला भिंत लावून अप्पांचं घर आहे. अप्पांनी लष्करात वीस वर्षं ट्रक चालवला. त्यांचं ठाम मत होतं, की रस्त्यावरच्या पाट्यांमागे लष्कराच्या गुप्त खुणा असतात.

"शत्रू घुसला की पयल्यांदा पाट्या फिरवतो," ते म्हणायचे. "मागचा ठिपका कोण बघतंय? डाव्या कोपऱ्यात ठिपका, डावी बाजू धरा. उजव्या कोपऱ्यात, उजवीकडं वळा. दोन ठिपके, जागेवर थांबा. माझ्या डोळ्यांनी बघितल्यात मी."

ते खोटं बोलत नव्हते. ठिपके होतेच, फक्त ते लष्कराचे नव्हते, माझ्या वडिलांचे होते. बादशाह पेंटर म्हणून साऱ्या तालुक्यात त्यांचं नाव. अब्बा हातानं पाट्या रंगवायचे, आणि कुठली कड रस्त्याकडे ठेवायची ते रोवणाऱ्याला कळावं म्हणून मागे त्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका द्यायचे. हे मी अप्पांना कधी सांगितलं नाही. फुकटची करमणूक कशाला बंद करा?

अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या हातच्या पाट्या मीच उपटून भंगारात दिल्या. डाळजहून कालव्याच्या कडेनं बारामतीला जाणाऱ्या आतल्या रस्त्यावर गेल्या वर्षी नव्या पाट्या रोवल्या, त्याही मीच. त्यांच्यामागे ठिपका नव्हता. हे एवढं ध्यानात ठेवा.

माझी मुलगी झोया बारामतीला कॉलेजात शिकते. ती अप्पांच्या पक्षाची. दोघांनी मिळून एक वही केली होती आणि तिच्यात ठिपक्यांची भाषा लिहिली होती. मी वही बघून हसलो की ती म्हणायची, "पप्पा, एक दिवस अप्पा जिंकतील. तेव्हा पेढे तुम्ही द्यायचे."

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. त्या दिवशी पणदऱ्याला शाळेजवळ दोन पाट्या रोवायच्या होत्या. सकाळी सहाच्या सुमारास मी त्या पिकअपमध्ये चढवल्या. धरणाच्या पाण्यावरून धुकं आलं होतं, आणि ते रोजचं नव्हतं. हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. हवेला ओल्या राखेसारखा वास होता. कुत्रीसुद्धा गप्प होती.

तेवढ्यात आतून अम्मीनं हाक मारली. माझी आई, रोशनबी. तिचा आवाज कधी चढत नाही.

"मुबीन... हिकडं ये. पोरीचे डोळे उघडंनात."

झोया जमिनीवर अंथरूण घालून झोपली होती. पोटात दुखतंय म्हणून उठून बसली, तर पापण्या वर जात नव्हत्या आणि जीभ जड झाली होती. दंडावर मुंगी चावावी तसे दोन बारीक ठिपके. गावातल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मण्यार आहे. औषध आणि श्वासाचं मशीन, दोन्ही बारामतीला. तासाभराच्या आत पोचवा." हायवेवर धुक्यात गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या, ॲम्ब्युलन्स पलीकडे अडकली होती. उरला आतला रस्ता.

मी स्टिअरिंगला, मधे झोया, पलीकडे अप्पा. पोरीचं डोकं त्यांनी खांद्यावर घेतलं होतं.

त्या रस्त्याचा प्रत्येक खांब मी रोवलाय, तरी दोन मिनिटांत मी हरवलो. दिवे लावले की समोर पांढरी भिंत उभी राहायची, विझवले की तीच भिंत करडी व्हायची. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला डोक्याएवढा ऊस, आणि मधे जागोजागी शेतात घुसणारे फाटे. चुकीचा फाटा धरला तर ऊस. त्याहून चुकलं तर कालवा. आणि घड्याळ पळत होतं. मला रडू येत होतं, पण रडलो असतो तर होतं तेवढंही दिसलं नसतं.

"झोया, झोपू नगंस," अप्पा म्हणाले. "डाव्या कोपऱ्यात ठिपका... म्हंजी काय?"

"डावी... बाजू... धरा," ती म्हणाली. शब्द चिखलातून पाय काढावा तसे येत होते.

तेव्हा माझ्या खिडकीपाशी एक पाटी आली. समोरून येणाऱ्यांसाठी रोवलेली, म्हणून मला तिची पाठ दिसली. डाव्या कोपऱ्यात पिवळा ठिपका होता. रुपयाएवढा, काठावर किंचित ओघळलेला. अब्बांचा ब्रश नेहमी असाच ओघळायचा.

मी डावी बाजू धरली. चाकाखाली डांबर लागलं.

दुसरी पाटी, ठिपका डावीकडे. तिसरी, डावीकडे. अप्पा समोर बघत हलकेच म्हणाले, "मुबीन... तुला बी दिसतंय न्हवं?"

"व्हय."

पुढच्या पाटीला ठिपका उजव्या कोपऱ्यात होता. अब्बांच्या हिशेबानं ही चूक, कारण पाटीची रस्त्याकडची कड डावीकडे होती. चाळीस वर्षांत त्यांनी कोपरा चुकवला नव्हता. मग हा ठिपका रोवणाऱ्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. मी उजवीकडे गाडी वळवली. डाव्या आरशात, आम्ही सोडलेल्या बाजूला, खाली कालव्याचं काळं पाणी दिसलं. हातभर अंतर होतं.

"एक उजवीकडं झालं," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता. "झोया, पोरी, आपली वही बराबर हाय."

 झोयाचा श्वास वर वर चालला होता.

मी गाडी दामटली. आणि पुढच्या पाटीमागे दोन ठिपके होते.

"थांब," अप्पा म्हणाले.

"थांबलो तर पोर जाईल, अप्पा."

"मुबीन, थांब म्हंतोय ना..."

त्या क्षणी मला त्यांचा मनस्वी राग आला. लष्कर, ठिपके, वही, सगळ्याचा. ॲक्सिलरेटर दाबायला पाय उचललाच होता. मधल्या सीटवरून, ओठ न हलवल्यासारखा, झोयाचा आवाज आला.

"पप्पा... दादा सांगतायत... थांबा."

दादा म्हणजे माझे अब्बा. मी ब्रेक दाबला.

आधी जमीन हादरली. मग डिझेलचा आणि भिजलेल्या ताडपत्रीचा वास आला. मग समोर, बॉनेटपासून दोन हातांवर, धुक्यात काहीतरी मोठं आडवं जाऊ लागलं. दिवा नाही, हॉर्न नाही. एकामागून एक, उसाकडून कालव्याकडे. तिथं आडवा रस्ता नाही. कधी नव्हता. पाण्याचा आवाज मात्र एकदाही झाला नाही.

"शक्तिमान," अप्पा पुटपुटले. "ह्ये आमच्या लष्करी ट्रकाचं जुनं इंजिन. झोपंतबी वळखीन..." ते मोजत होते. तेवीस मोजले. शेवटचं गेल्यावर काच खाली न करता, बसल्या बसल्या, त्यांनी सलाम ठोकला.

मग धुक्यात पुढची पाटी उजळल्यासारखी दिसली. एक ठिपका, डावीकडे. मी गाडी अशी सोडली, की तशी आजवर कधी सोडली नव्हती. एकेक ठिपका यायचा आणि मी मोठ्यानं म्हणायचो, "डावीकडं, अब्बा, धरली." लाज वाटली नाही. नववा ठिपका दवाखान्याच्या फाटकाबाहेर होता. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं.

दोन दिवस झोयानं मशीनवर श्वास घेतला. तिसऱ्या दिवशी नळी काढली, तिनं डोळे पूर्ण उघडले आणि घोगऱ्या आवाजात पहिला प्रश्न विचारला.

"अप्पा जिंकले का?"

मी पाच किलो पेढे आणले. अप्पांनी वॉर्डभर, जिन्यात, फाटकावरच्या रखवालदाराला, दिसेल त्याला वाटले आणि प्रत्येकाला ठिपक्यांची भाषा समजावून सांगितली. मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो. इतक्या आनंदानं मी कुणाकडूनही कधी हरलो नव्हतो.

झोयाला घेऊन घरी येताना लख्ख ऊन होतं. प्रत्येक पाटीपाशी उतरून मागे बघितलं. माझी चिकटपट्टी, बाकी कोरा पत्रा. जिथं थांबलो होतो तिथं गवताची एक काडी मोडलेली नव्हती.

अम्मीला सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "एकाहत्तरला, माझं लगीन नुकतंच झालं व्हतं, तवा लष्कराची एक जीप आली व्हती. तुझ्या अब्बाला घिऊन गेली. पंधरा दिसांनी आलं ते अंगावर नवी घोंगडी आन् हातात पिवळ्या रंगाचा डबा. काय काम व्हतं इचारलं, तर म्हनले पाट्यांचं. फुडं जल्मभर त्यावर एक शबूद न्हाय."

"आणि डबा?"

"तुझं अब्बा गेलं त्या दिसापास्नं घावला न्हाय. लई हुडकला."

अप्पा तेव्हा दारातच उभे होते. ते हसले. माणूस एवढा खूश झालेला मी क्वचित बघितलाय. झोयानं वहीत अब्बांचं नाव लिहिलं आणि खाली अप्पांची सही घेतली.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण त्या संध्याकाळी मी पिकअप धुवायला घेतला. पणदऱ्याच्या शाळेच्या दोन पाट्या तशाच मागे पडून होत्या, त्या दिवशी आमच्याबरोबर बारामतीपर्यंत आलेल्या. त्या उतरवून भिंतीला टेकवल्या तेव्हा त्यांची पाठ माझ्याकडे आली. दोन्हींवर ठिपके होते. दोन-दोन, काठावर ओघळलेले. बोट लावलं तर बोट पिवळं झालं.

शाळेवाले दर आठवड्याला फोन करतात, मी काहीतरी सबब सांगतो. शाळेसमोर कुठल्या दिवशी, कशासाठी थांबायचं, ते अप्पांनाही सांगता येत नाही. पाट्या अजून परसात आहेत, जानेवारी संपत आला. काल पुन्हा बोट लावून बघितलं. रंग अजून ओला आहे.