डिकीवरचा हात

मास्तरांनी सुट्टी घेतली, हे आधी कुणाला खरंच वाटेना. ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा माणूस. निम्म्या गावाला गाडी यांनीच शिकवली आणि उरलेल्या निम्म्याला रस्त्यावर शिव्याही यांनीच घातल्या. स्वतःच्या बायकोला समुद्र दाखवायला मात्र यांना कधी सवड झाली नाही. शेवटी बाईंनीच कड्याखालच्या एका कोळ्यांच्या गावाचा फोटो त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "या सुट्टीत इथे. नाहीतर मी एकटी जाते." मास्तर मुकाट्याने टायरमधली हवा बघायला उठले.

आता फोटोत सगळं छानच असतं हो. पांढरी घरं, निळंशार पाणी, दारोदारी फुलं. तिथवर जाणारा रस्ता तेवढा फोटोत नसतो. हमरस्ता सोडून फाटा घेतला आणि रस्ता अंग चोरायला लागला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीची दगडी भिंत, तीही मधेमधे ढासळलेली, आणि भिंतीपलीकडे खोल खाली समुद्र. समोरून गाडी आली तर दोघांपैकी एकाने रुंद जागा येईपर्यंत मागे जायचं, दुसरा उपाय नाही. त्यात दुपार कलता कलता समुद्रावरून धुकं वर चढून आलं. ओलं, खारट, सडलेल्या शेवाळाच्या वासाचं. बघता बघता बॉनेटच्या पुढचं दिसेनासं झालं.

"परत फिरू या का?" बाई म्हणाल्या.

"फिरवायला जागा तर हवी," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात समोर दोन पिवळे दिवे उगवले. दुधाची व्हॅन होती, गावातून वर निघालेली. व्हॅनवाला खाली उतरला आणि मास्तरांच्या काचेशी आला. माणूस अदबीने बोलणारा होता. म्हणाला, "तुमच्या मागेच वळणावर जागा आहे, तेवढं मागे घ्या. मी हळूहळू पुढे येतो."

"घेतो की. अगं, उतर जरा," मास्तर बायकोला म्हणाले.

व्हॅनवाल्याचा चेहरा बदलला. "बाईंना बसू द्या. या रस्त्यावर आम्ही मागे कुणाला उतरवत नाही."

झालं. मास्तरांच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट पडलं. त्यांच्या स्कूलची ती खास पद्धत होती. आरशावर विसंबायचं नाही. एकाने खाली उतरून गाडीच्या मागे उभं राहायचं आणि डिकीवर तळहाताने थपथप करत राहायचं. थपथप चालू तोवर गाडी येऊ द्यायची, थांबली की ब्रेक. शिकाऊ मंडळी मागे टिंगल करायची, पण मास्तरांच्या गाडीला मागून एक ओरखडा नव्हता, आणि ते सगळं बाईंच्या हाताचं श्रेय होतं. मास्तर चारचौघांत कौतुकाने सांगायचे, माझा मागचा आरसा मी लग्न करून आणलाय.

"गाडी चालवायला मी शिकवतो," ते व्हॅनवाल्याला म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. "मग परत बसताना तरी नीट बघून घ्या." ओल्या दगडावरून पाय घसरेल म्हणून सांगत असावा, असं मास्तरांना वाटलं.

बाई शाल लपेटून उतरल्या आणि धुक्यात नाहीशा झाल्या. मास्तरांनी हात बाहेर काढून आरसा आत दुमडला, तर कोपरापर्यंत बाही भिजून निथळायला लागली. मागून ओळखीची थपथप सुरू झाली आणि त्यांनी रिव्हर्स टाकला. थप... थप... थप. गाडी वळणावरच्या रुंद जागेत शिरली. खाली लाटा आपटत होत्या. समोरचे पिवळे दिवे हलले, व्हॅन बाजूने घासून निघाली आणि वर धुक्यात विरघळली.

थपथप चालूच होती. अजून थोडं मागे यायचं असेल, मास्तरांना वाटलं.

अन् शेजारच्या काचेपाशी बाई दिसल्या. दार उघडून आत बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अहो... मागे मी नाहीये. पुढे घ्या."

मास्तरांचा पाय ब्रेकवर गोठला. बाई शेजारी होत्या आणि मागे डिकीवर हात पडत होता. थप... थप... मास्तर भ्यायले. उभ्या आयुष्यात भ्यायले नव्हते इतके भ्यायले. त्यांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी उतारावर सोडली. मागचा हात गाडीबरोबर धावला. थपथपथप, घाईघाईने, डिकीवर, मग मागच्या काचेवर. मग तो मागे राहिला.

धुकं थोडं विरळ झालं, खाली गावातली पांढरी घरं दिसायला लागली.

"कोण होतं गं मागे?" मास्तरांनी विचारलं.

"गाडी चालवा... पोचलोच आता."

मास्तरांनी गिअर बदलला. बदलताना त्यांचा हात बाईंच्या शालीला लागला. शाल कोरडी होती. नुकतीच कपाटातून काढावी तशी कोरडी, गरम. त्यांची स्वतःची बाही अजून ठिबकत होती, आणि ती तर नुसती खिडकीबाहेर गेली होती.

त्यांनी गाडी थांबवली. मागे कुणाला सोडून आलो, हे त्यांना तेव्हा कळलं. थपथप थांबली की ब्रेक. आणि ती तर थांबलीच नव्हती. काचेवर हात आपटत बायको धावली, आणि आपण पळालो.

त्यांनी रिव्हर्स टाकला. शेजारी बघायची हिंमत नव्हती.

"मागे कशाला?" शेजारून आवाज आला. गोड होता. "मी उतरू का... हात मारायला?"

"नको," मास्तर म्हणाले. "तू बैस. मी आरशात बघून जातो."

आयुष्यभर ज्या आरशाला नावं ठेवली, तोच दुमडलेला पुन्हा उघडून त्याच्या भरवशावर ते तो सगळा चढ उलटे चढले. चाक भिंतीला घासलं, एकदा भिंतच नसलेल्या जागी खडी खाली गडगडत गेली. ते देवाला विनवत होते, बाईंना विनवत होते, शेजारची ती नजर गालावर जाणवत होती. वळण आलं तसं त्यांनी हॅंडब्रेक ओढला आणि धुक्यात उडी टाकली.

"अगं... कुठे आहेस?"

थप... थप...

बाई भिंतीच्या तुटक्या टोकापाशी बसल्या होत्या. नखशिखान्त भिजलेल्या, एक चप्पल गायब. दगडावर हात आपटत होत्या, तळवा सोलून निघाला होता. मास्तरांना बघून त्या आधी रडल्या आणि मग जी तोफ डागली, ती ऐकून मास्तरांना बरं वाटलं. "माणूस आहात का कोण? मी धावतेय, ओरडतेय, आणि तुम्ही..."

"चुकलो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी तो सोललेला हात दोन्ही हातांत धरला. ओला, गार, त्यांच्या ओळखीचा हात. शेजारी काय बसलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

गाडीत पुढच्या सीटवर कुणी नव्हतं. मास्तरांनी दिवा लावून मागे, सीटखाली, डिकीत बघितलं. काही नाही.

"अहो," बाई म्हणाल्या, "हा पट्टा का लावलाय?"

शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला होता. मास्तरांनी बटण दाबलं, तो सुटेना. ओढून बघितला, सैल होईना. सीटपासून हातभर पुढे तो हवेत ताणलेला होता, आणि त्याच्यामागे काहीच नव्हतं.

चालत जायचं तर भिंत कुठे संपते ते दिसत नव्हतं. "मागे बैस," मास्तर म्हणाले, "आणि पट्टा लाव." बाईंनी लावला. मास्तर उतरणीला लागले, नजर नाकासमोर ठेवून.

शेवटच्या वळणावर गावातले दिवे लागलेले दिसले. मास्तरांनी श्वास सोडला, आणि शेजारी खट् झालं. पट्टा सुटला होता आणि सावकाश आपल्या जागी गुंडाळत चालला होता. दार काही उघडलं नव्हतं.

मग मागच्या सीटवर कुणीतरी पट्टा लावल्याचा आवाज आला.

"अहो..." बाई म्हणाल्या. "मी मघाशीच लावलाय."